रानडुकराचे मटण : वाचकांच्या शंका आणि उत्तरे

गेल्या अंकात याच सदरात घरच्या फ्रीजमध्ये मांस-मासळी कशी आणि किती दिवस ठेवावी याविषयी लिहिले होते. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून जी पत्रे आली, त्यांत डुकराच्या, आणि त्यातही रानडुकराच्या, मांसाविषयी विचारणा करणारी पत्रे अपेक्षेपेक्षा अधिक निघाली. मुले परदेशात आणि मूळ गाव कोकणात अशी घरे या पट्ट्यात पुष्कळ असल्यामुळे तसे झाले असावे. निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत टेक्सास राज्यात नोकरीला आहे. तेथील सहकाऱ्यांबरोबर तो अधूनमधून रानडुकराच्या शिकारीला जातो आणि वाट्याला आलेले मांस घरी आणून फ्रीजरमध्ये ठेवतो. सूनबाई गरोदर असल्याने मी पुढच्या महिन्यात तिकडे जात आहे. "आई, तू आलीस की मालवणी मसाल्यात करू," असे त्याने ठरवून ठेवले आहे. हे मांस सुरक्षित असते का? फ्रीजरमध्ये महिनाभर राहिले की सगळे जंतू मरतात, असे तो म्हणतो. (एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे पाळीव डुकराच्या मांसातील एका विशिष्ट कृमीपुरते खरे आहे. रानडुकराच्या मांसाला ते लावता येत नाही, आणि इतर रोगजंतूंना तर मुळीच नाही.

तो कृमी म्हणजे ट्रायकिनेला. त्याच्या सूक्ष्म अळ्या जनावराच्या स्नायूंमध्ये वेटोळे करून बसलेल्या असतात. मांस कितीही निरखून पाहिले तरी त्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांच्यामुळे मांसाच्या रंगात किंवा वासात काही फरकही पडत नाही. असे मांस अर्धेकच्चे खाल्ले की जठरातील आम्लाने अळ्या मोकळ्या होतात, आतड्यात त्यांची वाढ होते आणि त्यांची पुढची पिढी रक्तावाटे माणसाच्या स्नायूंत जाऊन बसते. पहिल्या एकदोन दिवसांत पोटदुखी, मळमळ, जुलाब होतात. पुढे दोन ते आठ आठवड्यांच्या अवधीत ताप, स्नायूंचे तीव्र दुखणे आणि डोळ्यांभोवती सूज दिसू लागते. पाळीव डुकराच्या मांसाचे १५ सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीचे तुकडे उणे १५ अंश सेल्सिअसला २० दिवस ठेवले तर या अळ्या मरतात, असे अमेरिकेतील आरोग्य यंत्रणा सांगते, आणि चिरंजीवांच्या कानावर बहुधा तेच आले असावे. परंतु वन्य प्राण्यांत आढळणाऱ्या ट्रायकिनेलाच्या काही जाती थंडीला दाद देत नाहीत, म्हणून शिकारीच्या मांसाच्या बाबतीत गोठवण्यावर विसंबू नका, असेही तीच यंत्रणा बजावते. मीठ लावणे, वाळवणे किंवा धुरी देणे यांचाही भरवसा धरता येत नाही.

दुसरा धोका ब्रुसेला सुइस या जिवाणूचा आहे आणि माझ्या मते शिकाऱ्याच्या घरासाठी तो अधिक महत्त्वाचा आहे, कारण हा जिवाणू शरीरात शिरण्यासाठी मांस खावेच लागते असे नाही. जनावराचे पोट फाडताना रक्त डोळ्यात उडाले, हातावरच्या बारीकशा चिरेला लागले किंवा त्याचे तुषार श्वासावाटे गेले तरी लागण होते. गर्भाशय, वृषण आणि त्यांच्या आसपासचे स्राव यांत तो विशेष प्रमाणात असतो. गोठवल्याने तो मरत नाही. म्हणजे फ्रीजरमधून काढलेला तुकडा वितळून त्याचे लालसर पाणी ओट्यावर पसरले, की शिकारीच्या जागी जो धोका होता तोच स्वयंपाकघरात येतो.

मग मांस खाण्याजोगे केव्हा होते? शिकारीच्या मांसाचा सर्वांत जाड भाग आतून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे तिकडच्या मोजमापात १६० अंश फॅरेनहाइटपर्यंत, तापला पाहिजे. पाळीव डुकराच्या अखंड तुकड्यांना तेथे ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटांची विश्रांती पुरेशी मानतात. ती सवलत येथे घेऊ नये. मांसात टोचायचा तापमापक तिकडे कोणत्याही मोठ्या दुकानात मिळतो, तो अवश्य घ्यावा. रंगावरून अंदाज बांधू नये, कारण रानडुकराचे मांस मुळातच गडद लाल असते आणि ते कितपत शिजले हे त्या रंगावरून कळत नाही.

या बाबतीत आपल्या घरातली पद्धत आपल्या उपयोगी पडते. वाटण लावून, रस्सा ठेवून, मांस हाडापासून सुटेपर्यंत शिजवायचे हीच आपल्याकडची रीत आहे. पूर्ण दाब आलेल्या कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जाते आणि रानडुकराचे चिवट मांस मऊ व्हायला तसाही वेळ लागतो, त्यामुळे नीट शिजलेल्या मालवणी रश्श्यात हे कृमी किंवा जिवाणू टिकण्याची शक्यता उरत नाही. अंगणातल्या शेगडीवर बाहेरून करपलेले आणि आतून ओले राहिलेले तुकडे, तव्यावर झटपट परतलेली कलेजी, खिम्याचे जाड कबाब, मायक्रोवेव्हमध्ये शिजवलेले मांस, हे प्रकार मात्र टाळावेत. मायक्रोवेव्हची उष्णता सगळीकडे सारखी पोहोचत नाही. कलेजीतून हेपटायटिस ई या काविळीचा विषाणू येऊ शकतो आणि तो उष्णतेला चिवट आहे, म्हणून रानडुकराची कलेजी मी स्वतः खाण्याचा सल्ला देणार नाही.

थोडक्यात, काळजी पातेल्यात पडल्यानंतरची नाही, त्याआधीची आहे. मांस ओट्यावर न वितळवता फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, कडा असलेल्या भांड्यात ठेवून वितळू द्यावे. आपल्याकडे मटण नळाखाली खळखळून धुण्याची सवय असते. तसे केल्याने शिंतोडे बेसिनभर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात, तेव्हा ते टाळावे. रबरी हातमोजे घालावेत. कापण्यासाठी सुरी आणि पाट वेगळा ठेवावा. पुष्कळ आया सामानात घालून विळी तिकडे नेतात. तीच विळी मांसाला आणि लगेच खोबरे खवायला किंवा कोशिंबिरीच्या काकडीला वापरली, तर मांस कितीही शिजवले तरी उपयोग नाही, कारण कोशिंबीर कोणी शिजवत नाही. काम झाल्यावर सुरी, पाट आणि ओटा गरम पाण्याने साबण लावून धुवावा, आणि नंतर साधारण चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा ब्लीच घालून त्या पाण्याने पुसावा. मांस कढईत टाकलेल्या हातांनी लगेच मिठाच्या बरणीचे झाकण उघडू नये, ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण मसाल्याच्या डब्याच्या चमच्यावरून हेच घडते.

चिरंजीवांना सांगण्यासारखे थोडे वेगळे आहे. जनावर फाडताना त्यांनी हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा वापरावा, आतडी किंवा मूत्राशय फुटू देऊ नये, आणि लंगडणारे, रोडावलेले किंवा अंगात पू झालेल्या गाठी असलेले जनावर घरी आणू नये. मांस तातडीने बर्फात घालून चार अंशांच्या खाली आणावे. बाहेर ३२ अंशांहून अधिक उष्मा असेल, आणि टेक्सासच्या उन्हाळ्यात तो असतोच, तर एक तासापेक्षा जास्त वेळ ते उघड्यावर राहू नये. आणखी एक चमत्कारिक गोष्ट त्यांनी ध्यानात ठेवावी. कातडे सोलल्यावर आतली चरबी निळी दिसली, तर ते जनावर तसेच सोडून द्यावे. तिकडे रानडुकरांसाठी वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे विष घातलेले आमिष वापरण्यास परवानगी आहे आणि ते खाल्लेले जनावर ओळखू यावे म्हणून त्यात निळा रंग मिसळतात. कॅलिफोर्नियात खारींसाठी ठेवलेल्या तशाच जातीच्या विषामुळेही निळ्या चरबीची डुकरे सापडली आहेत. हे विष शिजवल्याने निघून जात नाही.

सूनबाईंविषयी मात्र मी स्पष्ट नकार देतो. त्यांनी हे मांस कच्चे हाताळू नये आणि शिजवलेलेही खाऊ नये. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीपासून गर्भाला धोका असतो, तो नीट शिजवल्याने टळतो. शिशाचा धोका तसा टळत नाही. शिशाची गोळी हाडावर आदळली की तिचे कण जखमेपासून दूरवर मांसात विखुरतात. ते इतके बारीक असतात की दाताखाली जाणवत नाहीत, एक्स-रे काढला तरच दिसतात. जर्मनीत गरोदर स्त्रियांनी आणि सात वर्षांखालील मुलांनी शिशाच्या गोळीने मारलेल्या जनावराचे मांस खाऊ नये असा अधिकृत सल्ला दिला जातो. तांब्याच्या गोळ्या मिळतात, पण फ्रीजरमधल्या पिशवीवर गोळी कशाची होती हे लिहिलेले नसते. तेव्हा आपल्या मुक्कामात मालवणी मसाला दुकानातल्या पाळीव डुकराच्या मांसाला लावावा. रानडुकराचेच हवे असेल तर तेही तेथे रीतसर विकत मिळते. शिकाऱ्याने मारलेले मांस तिकडे विकता येत नाही. जिवंत पकडून परवानाधारक कत्तलखान्यात आणलेल्या आणि कापण्याआधी व नंतर तपासलेल्या जनावराचेच मांस बाजारात येते.

शेवटी, चिरंजीव सुट्टीत ठाण्याला आले आणि त्यांना सारखा चढउतार होणारा ताप, रात्रीचा घाम, कंबर आणि सांधे दुखणे असा त्रास सुरू झाला, तर शिकारीची गोष्ट डॉक्टरांना आपण होऊन सांगावी. ब्रुसेलाची लक्षणे बहुतेक वेळा दोन ते चार आठवड्यांनी, पण कधी कधी पाच महिन्यांनीही दिसतात. येथील डॉक्टर साहजिकच आधी मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड तपासतील. रक्त प्रयोगशाळेत पाठवताना तेथेही कल्पना द्यावी, कारण हा जिवाणू वाढवताना तंत्रज्ञांना लागण झाल्याची उदाहरणे जगभर आहेत. उपचार दोन प्रतिजैविकांचा आणि किमान सहा आठवड्यांचा असतो. बरे वाटले म्हणून मध्येच सोडला तर आजार उलटतो.

प्रश्न : आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात आहे. भाताचे आणि नाचणीचे नुकसान करणाऱ्या रानडुकरांना मारण्याची सरकारने परवानगी दिली आहे, असे भावकीतले लोक सांगतात. गणपतीला गेल्यावर घरी डब्यातून रानडुकराचे मटण येते, आणि या वेळी धाकट्या दिरांनी एक तंगडी नवी मुंबईला न्या म्हणून आग्रह केला. न्यावी की नाही, या विचारात आहे. (एक वाचक, नेरुळ)

उत्तर : नेऊ नये. आधी कायद्याचे पाहू, कारण शिजवण्याचा प्रश्न त्यानंतरचा आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली रानडुकराच्या शिकारीला बंदी आहे. २०२२ साली झालेली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेली सुधारणा धरून हा प्राणी आता अनुसूची दोनमध्ये आहे. उभ्या पिकाचे किंवा माणसाचे नुकसान करणारे जनावर मारण्याची परवानगी या कायद्याच्या कलम ११ खाली मिळू शकते, पण ती अधिकृत वन अधिकाऱ्याने कारणे नोंदवून लेखी द्यावी लागते. भावकीत ऐकलेल्या गोष्टीचा उगम तेवढाच आहे. त्यापुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही : परवानगीने मारलेले असो, बेकायदा मारलेले असो किंवा रानात मरून पडलेले असो, असे जनावर आणि त्याचे मांस कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता ठरते. ते हाती आले तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्यांकडे कळवावे लागते, आणि लेखी परवानगीखेरीज ते जवळ ठेवता, कोणाला देता किंवा नष्टही करता येत नाही. म्हणजे मारणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो आणि डबा स्वीकारणाराही त्यातून सुटत नाही. शिक्षेत तुरुंगवासाची तरतूद आहे. दिरांचा आग्रह प्रेमाचा असला तरी ती तंगडी गाडीच्या डिकीत घालून पेण-पनवेलच्या रस्त्याने येणे आपल्यालाच महागात पडेल.

पिकाचे नुकसान ही खरी तक्रार आहे आणि तिची थट्टा करण्याचे मला कारण नाही. एका रात्रीत कळप भाताची खाचरे तुडवून जातो. त्यासाठी वन विभागाकडे पंचनामा करून नुकसानभरपाई मागता येते. प्रक्रिया रटाळ आहे हे मान्य करूनही डब्यापेक्षा तो मार्ग बरा.

आता आरोग्याचे. गावाकडे रानडुक्कर बंदुकीने मारले जाते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते फासकीत अडकवलेले, कुंपणात वीज सोडून मारलेले किंवा आमिषात गावठी बाँब ठेवून मारलेले असण्याचा संभव मोठा आहे. फासकीतले जनावर तासन्‌तास धडपडून मरते. गावठी बाँबने जबडा फुटलेले डुक्कर तशा अवस्थेत दूरवर पळते आणि रानात कोठेतरी कोसळते, ते सापडेपर्यंत पोट फुगून आतड्यातला मैला मांसात उतरू लागलेला असतो. त्यानंतर गोणत्यात घालून उन्हातून आणणे, मागच्या अंगणात केळीच्या पानावर उघड्या हातांनी तोडणे आणि ज्या पाण्याने सुरे धुतले तेच पाणी परसात सोडून देणे, हे सगळे ओघाने आलेच. याच फासक्यांत बिबटेही अडकून मरतात, आणि मग प्रकरण कोणाच्याच आवाक्यात राहत नाही.

अशा तोडणीत ब्रुसेलाबरोबर लेप्टोस्पायरोसिसचाही धोका असतो. २००५ च्या महापुरानंतर ठाणे-मुंबईतील लोकांना हा आजार उंदरांच्या नावाने माहीत झाला, पण त्याचे जंतू डुकरांच्या मूत्रातून आणि मूत्रपिंडातूनही पसरतात. ट्रायकिनेलाही केवळ परदेशी गोष्ट नाही. उत्तराखंडात रानडुकराचे मांस खाल्ल्यानंतर त्याची साथ पसरल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. मांस शिजवून खाणारे सुटतात, ते तोडणारा मात्र सुटेलच असे नाही, आणि आपल्या घरांत ते तोडून ठेवण्याचे काम बहुधा बायकांच्याच वाट्याला येते.

रानात किंवा ओढ्याकाठी मेलेले रानडुक्कर आढळले तर त्याला हात लावू नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. २०२० साली आसाम आणि अरुणाचल प्रदेशात भारतात प्रथमच आढळलेला आफ्रिकन स्वाइन फीवर माणसाला होत नाही, पण मेलेल्या जनावराच्या मांसातून, कपड्यांतून आणि चाकांतून तो वराहपालकाच्या गोठ्यापर्यंत जातो आणि गोठाच्या गोठा रिकामा करतो. त्याला औषध नाही.

याच ओघात एका वाचकांनी विचारले आहे की मुरबाड-कर्जत बाजूच्या फार्महाऊसवर 'जंगली' म्हणून जे ताट मिळते, ते खावे काय. अन्न सुरक्षा नियमांत ज्या जनावरांचे मांस विकता येते त्यांत पाळीव डुक्कर आहे, रानडुक्कर नाही. तेव्हा ते ताट खरोखर जंगली असेल तर गुन्हा आहे. नसेल तर गावात मोकाट फिरणारे काळे डुक्कर असण्याची शक्यता अधिक, आणि त्याविषयीची माझी भीती पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : डुकराचे मांस खाल्ले की मेंदूत किडे जातात, असे सांगून घरातील वडीलधारी मंडळी आम्हाला दुकानातले पोर्कही खाऊ देत नाहीत. यात तथ्य किती? (एक वाचक, खारघर)

उत्तर : आजार खरा आहे, त्याचा रस्ता मात्र चुकीचा सांगितला जातो. टिनिया सोलियम या फीतकृमीच्या दोन अवस्था ध्यानात घेतल्या म्हणजे उलगडा होईल. डुकराच्या मांसात या कृमीच्या गाठी असतात. त्या साबुदाण्याएवढ्या, पांढरट आणि पाण्याने भरलेल्या फोडासारख्या दिसतात. असे मांस अर्धेकच्चे खाल्ले तर माणसाच्या आतड्यात लांबलचक फीतकृमी वाढतो. तो त्रासदायक असला तरी मेंदूत जात नाही. मेंदूतील गाठी होतात त्या या कृमीची अंडी पोटात गेल्यामुळे, आणि अंडी येतात ती ज्याच्या आतड्यात कृमी आहे अशा माणसाच्या विष्ठेतून : न धुतलेल्या हातांनी वाढलेले अन्न, सांडपाण्यावर वाढलेली आणि कच्ची खाल्लेली भाजी, दूषित पाणी. त्यामुळेच जन्मात मांसाला न शिवलेल्या शाकाहारी कुटुंबांतही हा आजार आढळतो, आणि आपल्या देशात फिट्स येण्याच्या प्रमुख कारणांत त्याची गणना होते.

डुकराला हा कृमी होतो तो माणसाची विष्ठा खाल्ल्यामुळे. बंदिस्त गोठ्यात खाद्यावर वाढवलेल्या डुकराला ती संधी नसते. वस्तीच्या कडेला, नाल्यात आणि उघड्या गटारांवर मोकाट वाढलेल्या डुकराला ती रोज असते. म्हणून मोकाट डुकराचे मांस, ते कोणत्याही नावाने विकले तरी, घेऊ नये. दुकानातून घेताना अन्न सुरक्षा परवाना भिंतीवर लावलेला आहे का हे पाहावे, मांस थंड ठेवलेले असावे, आणि कापलेल्या पृष्ठभागावर वर सांगितल्यासारखे पांढरे फोड दिसल्यास ते परत करून मोकळे व्हावे. असे घेतलेले आणि पूर्ण शिजवलेले पोर्क खाण्यास माझी हरकत नाही. वडीलधाऱ्यांची हरकत धर्माची किंवा घरच्या रिवाजाची असेल तर तो विषय या सदराच्या कक्षेत येत नाही.

प्रश्न : मुलगी म्युनिकला असते. तेथील उपाहारगृहात तिने रानडुकराचा रस्सा खाल्ल्याचे फोटो पाठवले, तेव्हापासून ते मांस किरणोत्सारी असते असे हे मला ऐकवत आहेत. मी घाबरू का? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : यजमानांनी ऐकले ते निराधार नाही, पण मुलीला फोन करून घाबरवण्याची गरज नाही. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला. त्यातून उडालेले सीझियम-१३७ पावसाबरोबर दक्षिण जर्मनीच्या, म्हणजे बव्हेरियाच्या, जंगलांत उतरले. या मूलद्रव्याचे अर्धे आयुष्य सुमारे ३० वर्षांचे असल्याने ते आज बरेच घटलेले असले तरी संपलेले नाही. हरणांच्या मांसातील प्रमाण उतरत गेले आणि रानडुकरांच्या मांसातील मात्र तसे उतरले नाही, याचे शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षे कोडे होते. रानडुक्कर जमीन उकरून जमिनीखाली वाढणारी एक प्रकारची भूछत्रे खाते आणि त्या भूछत्रांत, जमिनीत हळूहळू झिरपत जाणारे सीझियम साठत राहते, हे त्याचे एक उत्तर. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात त्या सीझियमचा लक्षणीय वाटा चेर्नोबिलचा नसून त्याआधीच्या दशकांतील अण्वस्त्र चाचण्यांचा असल्याचे आढळले, ही त्यातील मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट.

जर्मनीत किलोमागे ६०० बेकरेलपेक्षा अधिक किरणोत्सार असलेले मांस विकता येत नाही. शिवाय तेथे प्रत्येक रानडुकराच्या स्नायूचा नमुना ट्रायकिनेलासाठी तपासून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा उपाहारगृहातला शिजवलेला रस्सा मुलीने निश्चिंत मनाने खावा. कच्च्या मांसापासून केलेले, केवळ वाळवून किंवा धुरी देऊन टिकवलेले सॉसेज मात्र तिने टाळावे असे मी सुचवेन. ट्रायकिनेलाची तपासणी झालेली असली तरी हेपटायटिस ई साठी तशी तपासणी होत नाही. जपानमध्ये रानडुकराची कलेजी कच्ची किंवा अर्धवट भाजून खाल्ल्याने या काविळीचे रुग्ण आढळले होते, आणि २०१५ च्या जूनपासून तेथे उपाहारगृहांत डुकराचे मांस व कलेजी कच्ची वाढण्यास बंदी आहे.

प्रश्न : आमच्या कुत्र्याला येऊरच्या बाजूला फिरायला नेले असता त्याची रानडुकराशी गाठ पडली. मांडीवर छोटीशीच जखम दिसते. घरी हळद लावली तर चालेल का? (एक वाचक, उपवन, ठाणे)

उत्तर : चालणार नाही. सुळ्याची जखम वरून बोटभर दिसते आणि आत स्नायू खोलवर फाटलेला असतो. त्यात माती आणि केस अडकून दोन-तीन दिवसांत पू होतो. आजच पशुवैद्यकाकडे न्यावे, जखम आतून धुवून घ्यावी, आणि रेबीज व लेप्टोस्पायरोसिसच्या लसी वेळेवर झाल्या आहेत का ते पुस्तिकेत पाहावे. जखम हाताळताना आपणही हातमोजे घालावेत. मेलेल्या डुकराचे मांस किंवा हाडे त्याला चघळू देऊ नयेत. येऊरचे जंगल ज्यात येते त्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पाळीव कुत्रा नेण्यास परवानगी नसते, हेही येथे नमूद करतो.

प्रश्न : अमेरिकेहून परतताना रानडुकराचे वाळवलेले, हवाबंद पाकिटातले मांस भेट म्हणून आणता येईल का? (एक वाचक, वाशी)

उत्तर : येणार नाही. प्राणिजन्य पदार्थ भारतात आणण्यासाठी केंद्रीय पशुसंवर्धन विभागाचा आरोग्यविषयक आयात परवाना लागतो आणि तो प्रवाशाच्या भेटवस्तूसाठी नसतो. पाकीट हवाबंद असले, त्यावर दुकानाचे लेबल असले तरी नियम बदलत नाही. आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू वाळवलेल्या आणि खारवलेल्या मांसात महिनोन्‌महिने तग धरतो, म्हणूनच अनेक देश याबाबतीत इतके कडक आहेत. सामानात आधीच आले असेल तर विमानतळावर ते जाहीर करावे आणि अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करावे.